ऑल्टकॉइन घेण्याआधी: कुठलं नाणं कशावर उभं आहे ते असं ओळखा

बिटकॉइनचं नाव आता गावागावांत पोचलंय. पण क्रिप्टोच्या ॲपमध्ये खातं उघडलं की समोर शेकडो नावं येतात: इथेरियम, सोलाना, एक्सआरपी, शिबा इनू, टेदर, पॉलिगॉन. बिटकॉइन सोडून जी काही क्रिप्टो नाणी आहेत, त्या सगळ्यांना सरसकट ऑल्टकॉइन म्हणतात. एकाच यादीत एकाखाली एक दिसतात, म्हणून नवीन माणसाला ती एकाच जातीची वाटतात आणि मग निवड होते ती फक्त भाव बघून. प्रत्यक्षात त्यातलं एक नाणं कंपनीकडे ठेवलेल्या डॉलरची पावती असतं, दुसरं एखाद्या संगणकीय जाळ्यावरची फी भरायला लागतं, आणि तिसऱ्यामागे लोकांच्या उत्साहापलीकडे काहीही नसतं.

म्हणून माझा आग्रह आहे की भावाआधी प्रकार बघा. प्रत्येक प्रकाराची बुडण्याची रीत वेगळी आहे, आणि ती ठाऊक असली तर निम्म्याहून अधिक सापळे लांबूनच दिसतात.

पहिली पायरी: मोजपट्टी म्हणून बिटकॉइन समजून घ्या

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये जाळं सुरू झालं. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक, म्हणजे गठ्ठा, नोंदला जातो आणि आधीच्या ब्लॉकला जोडला जातो; ही ब्लॉकची माळ म्हणजेच साखळी (ब्लॉकचेन). नवा ब्लॉक नोंदण्यासाठी जगभरचे मायनर वीज आणि यंत्रं खर्च करतात, आणि त्या बदल्यात त्यांना नवीन नाणी मिळतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत. मागे कंपनी नाही, संचालक मंडळ नाही, नियम एकट्याने बदलू शकेल असं कोणी नाही.

एवढ्यावरून तीन प्रश्न तयार होतात. नवीन नाणी कुठून येतात आणि किती येणार? नियम बदलायची ताकद कोणाच्या हातात आहे? आणि हे नाणं मुळात लागतं कशाला? समोर येणाऱ्या प्रत्येक ऑल्टकॉइनला हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर शोधायला दोन तास लागले तरी चालतील, पण उत्तर मिळेपर्यंत खिशातून पैसे काढायचे नाहीत.

दुसरी पायरी: बिटकॉइनची भावंडं

सगळ्यात जुना प्रकार हाच. बिटकॉइनचा कोड सर्वांना खुला आहे, त्यामुळे तो घेऊन थोडा बदलला की नवं नाणं तयार. २०११ च्या एप्रिलमधलं नेमकॉइन हे अशा नाण्यांतलं पहिलं. वेबसाइटची नावं कोणत्याही मध्यवर्ती संस्थेशिवाय नोंदवता यावीत हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार्ली ली या अभियंत्याने लाइटकॉइन आणलं. ब्लॉकचा वेळ अडीच मिनिटं, कमाल नाणी ८ कोटी ४० लाख. १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनच्याच साखळीतून फुटून बिटकॉइन कॅश वेगळं झालं. एका ब्लॉकमध्ये किती व्यवहार बसवायचे, यावरचा वाद त्यामागे होता.

ही नाणी पटकन बुडत नाहीत, ती हळूहळू दुर्लक्षित होतात. मायनर कमी झाले की जाळ्याची सुरक्षा पातळ होते, आणि निम्म्याहून अधिक संगणकशक्ती भाड्याने घेऊन कोणीतरी झालेले व्यवहार उलटवू शकतं. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये आणि इथेरियमच्या जुन्या साखळीवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर, ऑगस्ट २०२० मध्ये असे हल्ले झाले. तेव्हा 'हे नवं बिटकॉइन आहे' असं कोणी सांगितलं, तर त्यावर मायनिंग किती होतंय ते आधी तपासा.

तिसरी पायरी: ज्यांच्यावर इतर गोष्टी चालतात ती जाळी

इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. विटालिक ब्युटेरिन याने २०१३ च्या अखेरीस त्याची कल्पना मांडली होती: साखळीवर फक्त पैशाची देवघेव कशाला, छोटे प्रोग्रामच ठेवावेत. अटी पूर्ण झाल्या की हे प्रोग्राम आपोआप अंमलात येतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ते चालवायची फी, म्हणजे गॅस, ईथर या नाण्यातच भरावी लागते. त्यामुळे 'नाणं लागतं कशाला' या प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळतं.

आधी इथेरियमवरही मायनिंग होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला ते बंद झालं आणि ईथर तारण ठेवणारे लोक व्यवहार तपासू लागले. जाळ्याचा वीजखर्च त्या दिवसापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटला. कार्डानो, सोलाना ही याच पठडीतली जाळी. आपल्याकडच्या वाचकांना जवळचं नाव म्हणजे पॉलिगॉन. २०१७ मध्ये मॅटिक या नावाने भारतीय तरुणांनी ते सुरू केलं, इथेरियमवरचे व्यवहार स्वस्तात व्हावेत म्हणून. त्याचं जुनं नाणं मॅटिक, नवं पोल. हा बदल सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत मॅटिकच सापडेल, तेव्हा गोंधळू नका.

इथला धोका म्हणजे कोडमधली चूक. जून २०१६ मध्ये डाओ नावाच्या सामूहिक निधीच्या प्रोग्राममधल्या फटीतून सुमारे ३६ लाख ईथर बाहेर काढले गेले. ते परत मिळवण्यासाठी बहुसंख्यांनी साखळीचे नियमच बदलले. ज्यांना हे तत्त्वतः मान्य नव्हतं ते जुन्या साखळीवर राहिले, आणि तीच इथेरियम क्लासिक. आपला दुसरा प्रश्न, नियम कोण बदलू शकतं, किती खरा आहे हे या एका प्रसंगात दिसतं. सोलाना वेगाने आणि स्वस्तात चालतं, पण ते पूर्ण जाळंच काही तास ठप्प होण्याचे प्रसंगही घडलेत. सप्टेंबर २०२१ मध्ये तर सुमारे १७ तास.

एक्सआरपी थोडं वेगळं. २०१२ मध्ये सुरुवातीलाच त्याची सगळी नाणी, म्हणजे १०,००० कोटी, तयार झाली आणि त्यातला मोठा वाटा आज रिपल या नावाने चालणाऱ्या कंपनीकडे गेला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये या कंपनीवर खटला भरला आणि तो २०२५ पर्यंत चालला. एकेका सुनावणीवर भाव वरखाली होत राहिला. मोठा साठा एकाच कंपनीकडे असलेलं नाणं घेताना त्या कंपनीच्या बातम्या वाचणं ओघानेच आलं.

चौथी पायरी: टोकन आणि नाणं यांतला फरक

ज्याची स्वतःची साखळी आहे ते नाणं. दुसऱ्याच्या साखळीवर प्रोग्राम लिहून तयार केलेलं ते टोकन. बोलताना सगळे दोन्हींना कॉइनच म्हणतात, पण फरक मोठा आहे. नवी साखळी उभारायला माणसं आणि वर्षं लागतात. टोकन मात्र कोडची जुजबी माहिती असलेला कोणीही काही मिनिटांत काढू शकतो, आणि त्याला हवं ते नाव देऊ शकतो.

काही टोकनं कामाची असतात. चेनलिंकचं टोकन साखळीबाहेरची माहिती, उदाहरणार्थ बाजारभाव, आत आणून देणाऱ्यांना मोबदला म्हणून दिलं जातं. युनिस्वॅप या विनामध्यस्थ बाजाराचं टोकन सप्टेंबर २०२० मध्ये निघालं. ते हातात असलं की बाजाराच्या नियमांवर मत देता येतं. पण २०२१ च्या ऑक्टोबरात एका गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव लावून स्क्विड हे टोकनही असंच निघालं. काही दिवसांत भाव २,८०० डॉलरच्या वर गेला. घेणारे घेत होते, पण विकायला गेलं तर विकता येत नव्हतं. १ नोव्हेंबरला बनवणारे पैसे घेऊन पसार झाले आणि भाव जवळजवळ शून्यावर आला. मालिकेच्या निर्मात्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून टोकन नावाने शोधू नका. प्रत्येक टोकनाचा एक कॉन्ट्रॅक्ट पत्ता असतो. तो प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि त्या साखळीच्या एक्स्प्लोररवर, म्हणजे तिच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, उदाहरणार्थ इथेरियमसाठी इथरस्कॅनवर, टाकून बघा. पहिल्या दहा खात्यांकडे किती टक्के माल आहे ते तिथेच दिसतं. निम्म्याहून जास्त माल दोन-तीन अनोळखी खात्यांत असेल, तर तिथून निघून या.

पाचवी पायरी: स्टेबलकॉइन

हा प्रकार नवख्याला सगळ्यात सुरक्षित वाटतो, म्हणूनच यावर जरा थांबून बोलायला हवं. एक नाणं म्हणजे एक डॉलर, असं वचन इथे दिलेलं असतं. ते वचन कशाच्या जोरावर दिलंय, हे बघायचं.

एक रीत अशी: कंपनी डॉलर आणि अमेरिकी सरकारचे रोखे जमा ठेवते आणि तेवढीच नाणी बाजारात सोडते. २०१४ मधलं टेदर आणि २०१८ मधलं यूएसडीसी या रीतीची. इथे सगळी भिस्त कंपनीच्या तिजोरीवर. टेदरच्या कंपनीने राखीव निधीबद्दल दिशाभूल करणारी विधानं केली म्हणून अमेरिकी नियामकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड लावला. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीचे ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते. ते नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर ते पुन्हा डॉलरवर आलं. तिजोरीत माल होता, म्हणून सावरलं.

दुसरी रीत दाई या नाण्याची: एक डॉलरच्या नाण्यामागे एक डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो तारण.

तिसऱ्या रीतीत तिजोरीच नसते, फक्त गणित असतं. टेराचं यूएसटी असं होतं. एक यूएसटी दिलं की एक डॉलर किमतीचं लुना हे नाणं मिळणार, आणि उलटही. यूएसटी ठेवणाऱ्याला अँकर नावाच्या सेवेत वर्षाला १९ ते २० टक्के व्याज मिळत होतं, त्यामुळे जगभरातून पैसा आला. मे २०२२ च्या सुरुवातीला लुना ८० डॉलरच्या आसपास होतं. मोठ्या रकमा बाहेर पडू लागल्या आणि यूएसटी डॉलरखाली गेलं. जो तो यूएसटी देऊन लुना घेऊ लागला आणि मिळालेलं लुना लगेच विकू लागला. लुनाचा भाव पडला तशी प्रत्येक डॉलरसाठी आणखी लुना छापावी लागली, आणि छपाई वाढली तसा भाव आणखी कोसळला. साधारण ३५ कोटी लुना होती ती आठवड्याभरात साडेसहा लाख कोटींवर गेली. सुमारे ४,००० कोटी डॉलर नाहीसे झाले. संस्थापक डो क्वोन याने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

स्टेबलकॉइनवर कोणी वीस टक्के व्याज देऊ करत असेल, तर ते व्याज नेमकं कोणाच्या खिशातून येतंय ते विचारा. लेखी आणि समजेल असं उत्तर मिळालं नाही, तर त्या वाटेला जाऊ नका.

सहावी पायरी: मीम कॉइन आणि 'स्वस्त' भावाचा भ्रम

इंटरनेटवरच्या विनोदातून निघालेलं नाणं म्हणजे मीम कॉइन. डोजकॉइन डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर यांनी गंमत म्हणून काढलं. त्याला कमाल मर्यादा नाही. दरवर्षी ५०० कोटी नवी नाणी येतात. शिबा इनू २०२० च्या ऑगस्टमधलं. त्याचा भारताशी एक चांगला संबंध आहे: बनवणाऱ्यांनी निम्मा माल न विचारता विटालिकच्या खात्यात टाकला होता, आणि त्याने मे २०२१ मध्ये त्यातला साधारण दहावा हिस्सा भारतातल्या कोविड मदतनिधीला देऊन टाकला. उरलेल्यातला बहुतेक भाग त्याने कायमचा नष्ट केला.

'शिबा अजून एका पैशाच्या आसपासही नाही, एक रुपया झाला तर आपण कोट्यधीश,' हा हिशोब तुम्ही मित्रमंडळींत ऐकला असेल. तो एकदा पूर्ण करून बघू. बाजारात सुमारे ५८९ लाख कोटी शिबा आहेत. एकाचा भाव एक रुपया झाला तर सगळ्यांची मिळून किंमत ५८९ लाख कोटी रुपये. संपूर्ण भारताचा २०२४-२५ या वर्षाचा जीडीपी साधारण सव्वातीनशे लाख कोटींच्या घरात होता. कुत्र्याचं चित्र असलेल्या एका टोकनाची किंमत देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवी, तेव्हा तो रुपया दिसेल.

भाकरीचे चार तुकडे केले काय नि चाळीस केले काय, भाकरी तेवढीच राहते. म्हणून एका नाण्याचा भाव बघायचा नाही; भाव गुणिले बाजारातली नाणी, म्हणजे मार्केट कॅप बघायचं. सोबत अजून किती नाणी बाजारात यायची आहेत तेही. एकूण शंभरातली दहाच सुटी झाली असतील, तर उरलेली नव्वद संस्थापकांच्या आणि सुरुवातीच्या गुंतवणूकदारांच्या हातातून कधी ना कधी बाहेर येणारच. त्यांचं वेळापत्रक बहुतेक प्रकल्प जाहीर करतात. ते वाचा.

गोपनीय नाण्यांबद्दल थोडक्यात सांगते. २०१४ चं मोनेरो आणि २०१६ चं झीकॅश यांत पाठवणारा, घेणारा आणि रक्कम लपवता येते. खासगीपणाची गरज खरी आहे, पण अनेक एक्स्चेंजनी, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारांनी, ही नाणी काढून टाकली आहेत आणि दुबईने २०२३ च्या नियमांत अशा नाण्यांना मनाईच केली. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. नवशिक्याने या वाटेला जायची गरज नाही.

आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया यांपैकी कशातच बसत नाही. डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला. तो सरकारी चलनाचाच डिजिटल अवतार आहे, गुंतवणूक नव्हे.

सातवी पायरी: 'आपल्या ग्रुपचं' नाणं

महाराष्ट्राने हा प्रकार जवळून पाहिलाय. गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन गुंतवा आणि दीड वर्ष दरमहा दहा टक्के बिटकॉइन घ्या असं सांगितलं गेलं. एजंट साखळीने लोक जोडत गेले. बिटकॉइन देणं जमेना तेव्हा लोकांच्या हातात एमकॅप नावाचं त्यांचंच टोकन ठेवलं गेलं, ज्याला बाहेर फारशी किंमत नव्हती. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये प्रमुख आरोपीला अटक झाली, आणि कष्टाची बचत गेलेली कुटुंबं अजून वाट बघताहेत. खात्रीचा मासिक परतावा, माणसं जोडली की कमिशन, आणि पैसे परत मागितले की पैशांऐवजी नवं टोकन: या तीन खुणांपैकी एक जरी दिसली, तरी तो ऑल्टकॉइन नाही, फसवणूक आहे. सांगणारा सख्खा मावसभाऊ असला तरीही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आठवी पायरी: प्रत्यक्ष खरेदी

भारतात क्रिप्टो बाळगणं बेकायदा नाही, पण ते चलन म्हणून मान्यही नाही. एक्स्चेंज निवडताना ती केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेली आहे का बघा. मार्च २०२३ पासून हे बंधनकारक आहे. केवायसी स्वतःच्याच नावाने, बँक खातंही स्वतःचंच. टेलिग्रामवर भेटलेल्या अनोळखी माणसाकडून टेदर घेऊ नका. त्याचा पैसा गुन्ह्यातला निघाला तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं बँक खातं गोठतं, आणि मग घरखर्चासाठीही धावाधाव होते.

पहिली खरेदी गेली तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेची करा. पाठवताना नेटवर्क तपासा. टेदर इथेरियमवरही आहे, ट्रॉनवरही, सोलानावरही. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सने. चुकीच्या नेटवर्कवर गेलेले पैसे बहुधा परत येत नाहीत. एक्स्चेंजवर एक्सआरपी पाठवताना पत्त्याबरोबर टॅगचा आकडाही लागतो, कारण त्यावरूनच तिथलं तुमचं खातं ओळखलं जातं. आधी अगदी लहान रक्कम पाठवा, पोचली की बाकीची.

जास्त काळ ठेवायचं असेल तर स्वतःचं वॉलेट, म्हणजे जिची किल्ली तुमच्याकडेच असते अशी डिजिटल तिजोरी, घ्या. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचा माल चोरीला गेला, त्यात शिबा इनूचा वाटा मोठा होता, आणि गुंतवणूकदारांचे पैसे सव्वा वर्षाहून अधिक अडकले. स्वतःच्या वॉलेटला १२ किंवा २४ शब्दांचा सीड फ्रेज असतो; तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती वॉलेटमधला सगळा माल. तो कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका, आणि कस्टमर केअरचा म्हणून फोन आला तरी सांगू नका.

नववी पायरी: कराची वही पहिल्या दिवसापासून

क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. समजा सोलानात ४०,००० रुपये मिळाले आणि डोजकॉइनमध्ये ५०,००० गेले. तुम्ही १०,००० ने तोट्यात आहात, तरी कर ४०,००० वरच: १२,००० अधिक ४८० सेस, एकूण १२,४८० रुपये. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते, हातात रुपया आला नसला तरी. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर, नफा असो वा तोटा, १ टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरताना हिशोबात धरता येतो.

म्हणून एक साधी वही किंवा एक्सेलची फाइल उघडा. तारीख, नाणं, किती घेतलं, रुपयांत भाव, फी, कापलेला टीडीएस. एक्स्चेंजचं विवरण दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा, कारण एक्स्चेंज बंद पडली तर तुमची नोंद तिच्याबरोबर जाते. आणि त्याच वहीत एक रकाना जास्तीचा आखा: हे नाणं कुठल्या प्रकारचं आणि ते का घेतलं. तो रकाना दोन ओळींत भरता आला नाही, तर ती खरेदी त्या दिवशी थांबवा.